फाटकावर बादली की मध्यंतरात फेरी?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत फुटबॉल सामन्याला मदतनिधी गोळा करायचा तर दोन वाटा: फाटकावर झाकणबंद बादली, नाहीतर मध्यंतरात प्रेक्षकांतून फेरी.

आमचं मत फाटकाच्या बाजूनं. ज्याला द्यायचं नाही, त्याला तिथून सरळ पुढे जाता येतं. झाकण चिकटपट्टीनं बंद करून जोडावर दोघांच्या सह्या घ्या. पट्टी उचकटली तर सही तुटते, लगेच कळतं. फट दुमडलेली नोट जाईल एवढीच. संस्थेचं नाव आणि कारण कन्नड-मराठी दोन्हीत, ठळक. दोघांनी वाटेच्या कडेला उभं राहायचं, मध्ये नाही. नाहीतर शिट्टीआधी रांग तुंबते. नाणी खुळखुळवू नका, तो तगादा वाटतो.

फेरीला मिळतात फक्त 15 मिनिटं, त्यातही अर्धे लोक चहा-भजीकडे. बसलेल्या माणसाला टाळता येत नाही. शेजाऱ्यानं टाकले म्हणून तोही टाकतो. हे आम्हाला पटत नाही. तरी जखमी खेळाडूसाठी ऐनवेळी आवाहन करायचं झालं तर फेरीच बरी. आधी लाउडस्पीकरवर कारण सांगा, खेळ सुरू होण्याआधी आटपा.

क्यूआर कोड दोन्हीकडे लावा, पण संस्थेच्या खात्याचाच. स्कॅन केल्यावर भलत्याच माणसाचं नाव दिसलं की देणारा थांबतो. वरून दुसरा स्टिकर कुणी चिकटवला नाही ना, हे 1 रुपया पाठवून तपासा. संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकर सवलत (80जी) मिळत असली तरी 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती लागू नाही; मोठ्या देणगीदाराला हे आधीच सांगा.