घरच्या सरबतासाठी सोडा की स्पार्कलिंग वॉटर?

बडोद्यात घरच्या थंड पेयांचा विषय निघाला की तो बहुधा सरबतांपाशीच येऊन थांबतो. राज्यात दारूबंदी असल्याने आमच्या घरी सोड्याची बाटली उघडते ती लिंबू, कोकम, आवळा किंवा पन्ह्यासाठीच, आणि पुढचे सारे मी तेवढेच डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहे. दोन्ही प्रकार मी घरी बरीच वर्षे वापरले आहेत, त्यामुळे निवड करताना नेमके कुठे अडते ते थोडे सांगता येईल.

वायू दोन्हीकडे एकच असतो, फरक आहे तो क्षारांचा. बाटलीबंद सोड्याचे लेबल उलटून पाहिले की कार्बोनेटेड वॉटरच्या पुढे बहुधा ‘आम्लता नियामक ५००(ii)’ असे काही आढळते, आणि हा ५००(ii) म्हणजे आपला खाण्याचा सोडाच. साध्या स्पार्कलिंग वॉटरमध्ये असे काही मिसळलेले नसते. नुसते प्यायला घेतले तर हा फरक मला फारसा खटकत नव्हता. सोड्याचा किंचित खारवटपणा उलट बरा वाटे.

खटकला तो कोकमाच्या सरबतात. आमच्याकडे सरबत आगळाचे होते, आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, मुळातच खारवलेले असते. त्यात साखर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून चव बरोबर जुळवावी, आणि वरून सोडा ओतताच ती बिघडावी, असे माझ्याकडून एका उन्हाळ्यात इतक्या वेळा झाले, की आगळाची बाटलीच खराब निघाली अशी माझी समजूत झाली होती. शेवटी एका दुपारी एकाच भांड्यातले आगळ, साखर आणि जिरे मी दोन काचेच्या पेल्यांत सारखे वाटून घेतले आणि एकात सोडा, दुसऱ्यात साधे स्पार्कलिंग वॉटर घातले. सोड्याचा पेला क्षणात फसफसून वर आला, लालसर फेस काठावरून ओट्यावर ओघळला, आणि फेस बसल्यावर जे उरले त्याची चव खारट आणि जराशी बोथट होती. दुसऱ्या पेल्यात कोकमाचा आंबटपणा जिभेच्या कडांना स्पष्ट जाणवत होता. सासूबाईंना कोणता पेला कशाचा ते न सांगता दोन्ही दिले, तेव्हा पहिल्या पेल्याविषयी त्या लगेच म्हणाल्या, ‘‘ह्यात मीठ दोनदा पडलंय.’’

कारण तसे सरळ आहे. खाण्याचा सोडा आंबट रसाला भेटला की थोडे आम्ल खर्च होते, वायू सुटतो आणि मागे सोडियमचा क्षार राहतो. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे सोडियम सायट्रेट होते ते याच रीतीने. म्हणजे आंबटपणा थोडा घटतो आणि खारटपणा थोडा वाढतो. दोन्ही बदल मोजायला गेले तर लहानच ठरतील, आणि एखाद्याला ते जाणवणारही नाहीत. परंतु आपली सरबते मीठ-साखरेच्या तोलावर उभी असतात, आणि मीठ मागाहून घालता येते, काढता येत नाही, ही स्वयंपाकघरातली जुनी अडचण येथे मला फार जाणवली. बाटलीतल्या सोडियमचे प्रमाण थोडे असले, तरी रक्तदाबामुळे मीठ जपून घेणारी व्यक्ती घरात असेल तर लेबलवरचा तो आकडा एकदा पाहून घ्यावा.

सोड्याच्या बाजूने बोलायचे तर तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि परदेशी स्पार्कलिंग बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. जिरे-सोडा किंवा मसाला सोडा करायचा असेल तर त्याचा खारटपणा हवाच असतो, तेथे साधे स्पार्कलिंग वॉटर मला फिके वाटले. हिराम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली गोटीची बाटली गुजरातेत इतकी रुळली आहे, की तो ‘फट्’ आवाज ऐकून वाढलेल्या माणसाला सोडा सोडणे जड जाणारच, आणि मलाही ते जड गेले.

स्पार्कलिंग या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. झऱ्याच्या पाण्याच्या परदेशी बाटल्यांत नैसर्गिक क्षार भरपूर असू शकतात. जर्मनीच्या गेरोलस्टाइनर पाण्यात लिटरमागे सुमारे १,८०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असते, आणि असे पाणी कोकमात घातले तर तक्रार तीच राहील. मी शेवटी घरगुती यंत्र घेतले. आजवा तलावातून येणारे नळाचे पाणी गाळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून त्यात वायू भरतो, आणि आगळ किंवा लिंबाचा रस नेहमी नंतरच मिसळतो, कारण यंत्रात नुसते पाणीच भरायचे असते. सिलिंडर भरून आणण्याची यातायात आहे, ती नाकारत नाही. पण लागेल तेवढेच पाणी करता येते, आणि मोठी बाटली दुसऱ्या दिवशी मिळमिळीत होण्याचा प्रश्न मिटतो.

पाणी कोणतेही घ्या, ते अगदी गार असू द्या. शून्य अंशाला, साध्या दाबाखाली, एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि वीस अंशांना जेमतेम ०.९ लिटर. म्हणूनच मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कोमट बाटलीतला वायू पेल्यात पोहोचण्याआधीच उडून गेलेला असतो. पन्ह्यात गर असल्यामुळे ते दोन्ही पाण्यांनी फसफसते, म्हणून पेला अर्धाच भरून पाणी काठाने सावकाश सोडावे आणि चमचा एकदाच फिरवावा.

फ्रिजच्या दारात मी अजूनही सोड्याच्या दोन लहान बाटल्या ठेवतो. बासुंदीच्या जेवणानंतर कोणी जिरे-सोडा मागितला तर त्यांतली एक उघडतो. कोकमाच्या सरबताला मात्र त्यांतले पाणी लागू देत नाही.