बिडाच्या फायरप्लेसला काळं पॉलिश: आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या फराळाला आलेल्या काकू फायरप्लेसला पाठ लावून बसल्या आणि उठल्या तेव्हा पैठणीच्या पदरावर चार बोटं रुंद काळा पट्टा. "अगं, असू दे," म्हणाल्या, पण जाईपर्यंत पदर पोटाशी धरून होत्या. ड्रायक्लीनिंगला १८ पौंड गेले. पॉलिशची ट्यूब ११ची.

घर इंग्लंडमधल्या लीड्समधलं, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीतलं. फायरप्लेसच्या मागच्या बाजूला नोंदणी क्रमांक ओतलेला आहे, म्हणजे नक्षी १८८४ किंवा त्यानंतर नोंदलेली. वर पांढऱ्या ऑइलपेंटचे थर. चाचणीत शिसं निघालं, त्यामुळे कोरडं घासणं बाद. रंग काढायची पेस्ट लावून, ओलं ठेवून खरवडलं. खालून द्राक्षांचे घड निघाले! पण उघडं बीड म्हणजे काय प्रकार असतो ते तेव्हा कळलं. ओल्या फडक्याने पुसलं आणि चहा करून येईपर्यंत नारिंगी.

ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने साफ करून, उष्णतारोधक काळा रंग मारून द्यायचे एकाने २८० पौंड सांगितले. मी ट्यूब आणली. आईचा फोनवर सल्ला, "बिडाच्या तव्याला लावतेस तसं खोबरेल लाव." तवा रोज तापतो, तेल त्यावर भाजून बसतं. बाहेरची कमान तेवढी तापतच नाही. तेल चिकट राहणार आणि धूळ धरणार.

या पॉलिशला इथले जुने लोक 'ब्लॅक लेड' म्हणतात. त्यात शिसं नसतं, ग्राफाइट असतं. हसण्यात अर्थ नाही, आपणही शिसपेन्सिलच म्हणतो. आणि तक्रार नेमकी तीच आहे: पेन्सिल कागदावर उमटते, तसं हे सगळ्यावर उमटतं. मुलाचे मोजे, भिंत, सोफ्याचा हात, एकदा तर चक्क चकलीवर काळा अंगठा.

पहिले दोन महिने मीच सगळ्यांना सांगत होते, डोळे मिटून विकत घ्या. चमक खरंच सुरेख, रंगासारखी मेलेली नाही. द्राक्षाचा दाणा न् दाणा दिसतो. पैठणीनंतर दुकानात फोन करून भांडले. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "घासलं किती वेळ?" माझा पारा चढला. पण रविवारी अर्धी कमान स्पिरिटने पुसून नव्याने केली. अगदी पातळ हात, रात्रभर तसंच सोडलं, सकाळी बुटाच्या ब्रशने आणि मग जुन्या बनियनने, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. चाळीस मिनिटं लागली. मग दोन्ही बाजूंवर पांढरा मोजा फिरवला. डावीकडे डांबर, उजवीकडे पुसट करडा डाग. म्हणजे चूक बरीचशी माझीच. पैसे दिलेत तर लावू भरपूर, म्हणून मी तीन जाड थर थापले होते. पण हे ट्यूबवर छापायला काय झालं होतं?

आत जिथे कोळसा जळतो त्या गजांना मात्र पॉलिश लावूच नका. पॉलिशमधलं मेण जळतं, दोन वेळा पेटवल्यावर गज राखाडी. तिथे उष्णतारोधक रंगच हवा, आणि पहिल्यांदा पेटवताना खिडक्या उघड्या ठेवा. तो रंग तापून पक्का होताना जो वास सुटतो, त्याने आमचा स्मोक अलार्म ठणाणा करत होता.

गंजाचं दुकानदाराच्या माथी मारता येणार नाही. खालच्या कडेला बोटभर नारिंगी रेघ आली, तेव्हा आधी चिमणीतून ओल येते असं वाटलं. कारण निघालं माझा पोछा! पुढच्या टाइल्स मी रोज ओल्या फडक्याने पुसते आणि हे पॉलिश पाण्याला अजिबात टिकत नाही. आता तेवढी वीतभर जागा कोरड्या फडक्याने पुसते. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

डावी बाजू अजून करायची आहे. परवा काकू पुन्हा आल्या होत्या. काळा पंजाबी ड्रेस घालून.