जेट बोअरिंग: 34 फूट लोण्यासारखं, मग कातळ

5 पैकी अडीच स्टार, आणि ते अडीच पण काम करणाऱ्या पोरांना, कोटेशन घेऊन आलेल्या साहेबांना शून्य.

आमची सोसायटी मुंबईत चारकोपला, खाडीच्या अंगाला. प्यायला महापालिकेचं पाणी येतं पण फ्लश, बाग, गाड्या धुणं सगळं टँकरवर. 2025 च्या एप्रिलमध्ये टँकरवाल्यांचा संप झाला तेव्हा लोकं बादल्या घेऊन जिने चढली आणि पुढच्याच मीटिंगला बोअर मारायचं एकमताने ठरलं (आमच्याकडे एकमत म्हणजे दिवाळीच). खजिनदार मी, त्यामुळे कोटेशनचं लोढणं माझ्या गळ्यात.

त्यातलं एक कोटेशन होतं 'हाय प्रेशर वॉटर जेट', आवाज नाही धूळ नाही एका दिवसात बोअर. साहेबांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, पाण्याची धार ग्रॅनाइटची लादी केकसारखी कापतेय, चेअरमन तिथेच फिदा. सेक्रेटरी काका म्हणाले, "अहो, पाण्याने कधी दगड कापला जातो का?" तर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना गप्प बसवलं. सॉरी काका.

म्हणजे कापला जातो हो, व्हिडिओ खोटा नव्हता. पण ते फॅक्टरीतलं मशीन, तिथे प्रेशर 60 हजार पीएसआयपर्यंत म्हणजे जवळजवळ चार हजार बार असतं, धार मिलिमीटरच्या आसपास, त्यात गार्नेटची बारीक रेती मिसळलेली आणि नोझल दगडाला जवळपास टेकलेलं. आमच्याकडे आला तो डिझेल इंजिनवरचा पंप, गेजचा काटा दहा किलोच्या, म्हणजे साधारण दहा बारच्या आसपास. गाडी धुवायच्या पंपाला पण शंभरेक बार असतं! वरून बोअरमध्ये पाणी भरलेलं असतं, त्यात धारेचा जोर लगेच मरतो. भरलेल्या बादलीत नळी बुडवून धार मारून बघा, किती लांब जाते ते.

आता कौतुक. चार पोरं सकाळी सातला हजर, तिपाई उभी केली, बाजूला दोन खड्डे खणले, एकात गाळ बसतो आणि दुसऱ्यातून पंप पाणी परत उचलतो. पाणी पाईपमधून खाली जाऊन तोंडाशी माती सुटी करतं आणि ती माती घेऊन पाईपच्या बाहेरून वर येतं, वरती दोघं पान्याने पाईप फिरवत असतात, बास एवढंच तंत्र. पहिले काही फूट सगळं डेब्रिज, त्यात पाणी नुसतं गडप व्हायला लागलं, वर काही येईचना, मग त्यांनी बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) कालवलं, केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घालायचा जाड पाईप) उतरवलं आणि गाडी मार्गी लागली. मग खाडीचा काळा चिखल, शिंपले, आणि तो वास! मग मुरूम. दुपारपर्यंत 34 फूट आणि आवाज म्हणाल तर इंजिनचा फक्त. मी खरंच इंप्रेस झालेले.

आणि मग टण्ण. "मॅडम, पत्थर लग गया." दीड तास धार मारली, बोटभर पण पुढे नाही. साहेब फोनवर म्हणे सुटा धोंडा असेल, जागा बदला. बदलली. 37 फुटांवर परत टण्ण.

अहो धोंडा कसला, अख्खी मुंबईच बहुतेक त्याच्यावर बसलीय. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, आमच्या खाली त्याचेच भाऊबंद. गोडं पाणी मिळायचं तर या कातळाच्या भेगांमध्ये, त्यासाठी आत शिरायलाच लागतं. वरच्या चिखलात लागलं ते खाडीचं, पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने तर हातच टेकले. किनाऱ्यालगतच्या निव्वळ वाळूत हीच जेट पद्धत एक नंबर चालते, स्वस्त पण पडते. पण इथे खाली काय आहे हे न विचारता अ‍ॅडव्हान्स घेणं म्हणजे हद्द झाली.

शेवटी हॅमरवाली रिग बोलावली. कॉम्प्रेसरच्या हवेवर हातोडा खालीच दगडावर आपटतो आणि चुरा हवेबरोबर वर येतो. आवाजाने कानठळ्या, पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या राखाडी, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण संध्याकाळपर्यंत 180 फूट, आणि 120 च्या पुढे भेग लागली तसं पाणी उसळलं. थोडं मचूळ आहे, फ्लशला मस्त.

या रिगवाल्यांनी आधी महापालिकेची परवानगी बघायला मागितली (ती कीटकनाशक खात्याकडून घ्यायची, विहिरी-बोअर आणि डास हे जुनं नातं), जेटवाले साहेब म्हणालेले "ते होऊन जाईल". होऊन काय जाईल? ठाण्यात कोणाच्या तरी बोअरने महापालिकेचा जलबोगदा फुटला आणि दुरुस्तीसाठी 31 मार्च 2023 पासून अख्ख्या मुंबईला 15 टक्के पाणीकपात बसली, आठवतंय ना.

गंमत म्हणजे रिगवाल्यांनीच सांगितलं की पुढेमागे पाणी कमी झालं तर हायड्रोफ्रॅक्चरिंग करता येतं, बोअरमध्ये पॅकर (बुचासारखा घट्ट बसणारा रबर) बसवून खालच्या भागात जोरात पाणी दाबायचं म्हणजे बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात. भूजल सर्वेक्षणवाले गावांकडच्या आटलेल्या हातपंपांना हेच करतात. म्हणजे आमच्या दगडात हाय प्रेशर पाण्याचं काम आहे, पण बोअर झाल्यावर!

अ‍ॅडव्हान्स परत मिळाला नाही, "दोन बोअर मारून दिले ना" म्हणे. त्यांचे तीन पाईप मात्र अजून मीटर रूममागे पडलेत, घेऊन जा म्हणून चार फोन केले, आता वॉचमन त्यावर त्याचे कपडे वाळत घालतो.