‘आठ वर्षं एकाच पदावर कसे?’ याची दोन उत्तरं
नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मुलाखतीला गेलात की हा प्रश्न ठरलेलाच.

पहिलं उत्तर कारणांचं: वरची जागा रिकामी नव्हती, कोविडमध्ये बढत्या थांबल्या, घरी आजारपण. खरं असेल तर एका वाक्यात सांगा. दुसरं वाक्य सुरू झालं की रडगाणं वाटतं.

दुसरं उत्तर कामाचं: पद तेच, पण तेव्हा एक क्लायंट सांभाळायचो, आज चार, तीन नवी मुलं हाताखाली तयार केली. मला हेच वजनदार वाटतं, कारण पुढचे प्रश्न मग तुमच्या कामावर येतात. फक्त आकडे फुगवू नका, खोदून विचारतात. जुन्या साहेबांना नावं ठेवणं दोन्हीकडे नकोच.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडलीत तर दिघा गाव, मग लगेच ऐरोली. तेवढ्यात उत्तर मनात एकदा म्हणून बघा.