फेब्रुवारीअखेर एकच रविवार हाताशी असेल तर: भिगवण की नांदूर मध्यमेश्वर?

हिवाळ्यात आलेले पाहुणे पक्षी परतायच्या आत पाणथळीवर एक शेवटची चक्कर मारायची असते आणि दरवर्षी ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "यंदा कुठे जाऊ?" आम्ही नगरला राहतो. पहाटे निघालं तर दोन्हीकडे कोवळ्या उन्हात पोचता येतं, त्यामुळे अंतराचा मुद्दा माझ्यापुरता बाद. पुणेकराला भिगवण जवळ आणि नाशिककराला नांदूर, हे सांगायला माझी गरज नाही. अंतराची पर्वा न करता ज्याला खरंच निवडायचंय, त्याच्यासाठी हे लिहितोय. दोन्हीकडे मी बऱ्याच वेळा गेलोय. नोंदवह्या आहेत, पण मोजदाद अशी काही केलेली नाही. तेव्हा हे एका माणसाचं मत म्हणूनच घ्या.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचाच असा हट्ट असेल, तर भिगवण. तिथे वाद नाही. फक्त निघण्याआधी एक काम करा: भिगवणचं पाणी उजनी धरणाचं, तेव्हा ते धरण किती टक्के भरलंय ते पेपरात बघा. रोहित उथळ पाण्यात उभा राहून, पायांनी चिखल ढवळत, चोच उलटी धरून खातो. त्याला चिखल लागतो आणि धरणाचं पाणी उतरल्याशिवाय चिखल उघडा पडत नाही. पाऊस दणकून झाला असेल तर फेब्रुवारी संपत आला तरी जलाशय तुडुंब असतो, आणि रोहित एक तर उशिरा येतात, नाही तर कुठेतरी लांब पांगलेले दिसतात. उलट २०२३ चा पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या जानेवारीतच उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, गेलं. शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणि आमच्या डोळ्यांना दुर्बीण, असा तो विचित्र हिवाळा होता. तेव्हा "भिगवणला गेलो, एकही रोहित दिसला नाही" असं कुणी म्हणालं तर दोष जागेचा नसतो, तारखेचा असतो.

रोहित सोडले तरी तिथे पट्टकदंब (बार-हेडेड गूज) असतात, आणि तेही या दिवसांत बघण्यासारखे. काठच्या गवतावर थवा चरत असतो. डोक्यावरचे दोन काळे पट्टे साध्या डोळ्यांनी दिसतील इतकी नाव जवळ जाते. हिमालय ओलांडायच्या आधी त्यांचं एकच काम चाललेलं असतं, खाणं. संध्याकाळी भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे आभाळात चादर झटकल्यासारखे वळतात, तेव्हा चहा हातात तसाच गार होतो. आणि गाडी तशीच पुढे इंदापूरला नेलीत तर तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक करकोच्यांची सारंगार, म्हणजे घरट्यांची वसाहत, आहे. खाली दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं, वर फांद्यांवर चोचींची टकटक. अशी कचेरी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

शिवाय नाव. माझ्या बाबांचे गुडघे आता चालू देत नाहीत. नावेत त्यांना एकदा नीट बसवलं की दोन तास ते राजासारखे असतात आणि पक्षी त्यांच्या दाराशी येतात. लहान मुलं बरोबर असतील तरी हेच. नांदूरसारखं मनोऱ्यावर उभं राहून "ते बघ, तिकडे, त्या काडीच्या मागे" असं सांगण्यात मुलाचा पेशन्स पाच मिनिटांत संपतो.

तरी माझं मन फिरलं, ते नावेतच.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नावेत आम्ही दोघं आणि मागच्या फळीवर मोठ्या लेन्सवाले तिघं. समोर साठ-सत्तर रोहित, माना खाली, अगदी निवांत. पाण्यात पाय हलताना चिखलाचे ढग उठत होते तेही दिसत होतं. मी दुर्बीण लावून एकाच पक्ष्याकडे बघत होतो. मान वर केली की चोचीतून पाणी कसं निथळतं, ते बघायचं होतं. मागून आवाज आला, "दादा, उडवा ना एकदा. फ्लाइट शॉट पाहिजे." नाववाला जरा घुटमळला. मग त्याने वल्हं पाण्यावर आडवं आपटलं.

सगळा थवा पाण्यावर धावत सुटला. पंख उघडले, आतला गुलाबी आणि काळा रंग एकदम पसरला, मागे शटरची खडखड. मीही फोटो काढला. तो चांगला आलाय आणि अजून फोनमध्ये आहे, हेच जास्त टोचतं. पक्षी अर्धा किलोमीटर लांब जाऊन उतरले. नाव त्यांच्या मागे वळली.

सगळे नाववाले असं करत नाहीत, हे इथेच सांगायला हवं. "नाही साहेब, उडवणार नाही" असं तोंडावर सांगणारेही मला भेटलेत, आणि मागणी आमच्यासारख्या शहरी माणसांचीच असते. पण भिगवणचं पाणी म्हणजे काही अभयारण्य नव्हे. दारात कुणी अडवणारं नाही. शेजारच्या नावेत कोण बसलंय त्यावर तुमची सकाळ अवलंबून. तीही कोणत्या दिवसांत? प्रवासासाठी अंगावर चरबी चढवण्याचे पक्ष्याचे हेच तर दिवस. नंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा पूर्ण नाव एकट्याने घेतली. पण पलीकडच्या नावेचं काय करणार? आणि हलत्या नावेत स्कोप, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, लावता येत नाही, ही तक्रार आहेच.

नांदूर मध्यमेश्वरला नाव नाही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथल्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि त्या उथळ पाण्यावर हे सगळं उभं राहिलं. १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०२० ला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून नाव जाहीर झालं. पाटी बघून पक्षी येत नाहीत हे खरं, पण माणूस जरा हळू बोलतो. चापडगावच्या बाजूने आत शिरायचं, मनोऱ्यावर चढायचं आणि बसायचं. पक्षी लांब असतात. स्कोप नसेल तर अर्धी मजा गेली असं समजा, किंवा स्कोपवाल्याशी ओळख काढा. अशी माणसं सहसा दाखवायला उत्सुकच असतात.

बदकं बघावीत ती इथे, आणि ती फेब्रुवारीतच. नोव्हेंबरात आलेले बरेचसे नर मादीसारखेच मळकट दिसतात आणि ओळख पटवताना डोकं दुखतं. आता ते पुरते सजलेले असतात. मागच्या खेपेला दहा-बारा थापट्या (पसरट चोचीची बदकं) एकमेकांच्या मागे चोची पाण्यात खुपसून गोल गोल फिरत होते, जात्यासारखे. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागच्याने गाळून घ्यायचं. वीस मिनिटं ते चाक थांबलं नाही. काठावर एक जांभळी पाणकोंबडी बोरूची काडी पायात धरून, आपण मक्याचं कणीस धरतो तशी, सोलून खात होती. आणि वारकरी पक्षी तर शेकड्यांनी. काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा, नाव ठेवणाऱ्याने काय नजर लावली असेल!

मग सगळं पाणी एकदम उसळलं. वारकरी पाय आपटत एका ठिकाणी गोळा झाले, भुवई बदकं सुटली, तलवार बदकं त्यांच्या मागे. बोरूवरून दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, संथपणे गिरक्या घेत येत होता. उडवलं त्यानेच. त्याला काही मिळालं नाही. तो गेला आणि पाच मिनिटांत सगळे जिथल्या तिथे. मी त्या वेळी कॅमेरा उचलायचा विसरलो.

नांदूरच्या खोडी आहेत. कालव्याच्या आवर्तनासाठी वरून पाणी आलं की चिखलाची बेटं बुडतात, आणि त्या दिवशी उचाट, मालगुजे वगैरे चिखलातली मंडळी बेपत्ता होतात. बेशरम आणि पाणवनस्पतींनी काही कोपरे पार झाकून टाकलेत. दहानंतर पाण्यावर उन्हाची झिलई चढते आणि स्कोपमधून सगळं थरथरतं, तेव्हा उशिरा पोचलात तर थेट संध्याकाळचा विचार करा. क्रौंच दिसतात, पण आसपासच्या शेतांत आणि नशिबाने. मला तीन खेपांत एकदा दिसले, तेही गाडी थांबवेपर्यंत उठले.

तर फोटोसाठी जायचं असेल, घरात म्हातारं माणूस किंवा पोरं असतील, किंवा रोहित अजून पाहिलेलाच नसेल, तर भिगवणला जा. नाव स्वतःपुरती घ्या आणि बसायच्या आधीच नाववाल्याला सांगा, "दादा, उडवायचं नाही, लांबूनच बघू." बहुतेकांना ते ऐकून बरंच वाटतं. एरवी, म्हणजे नुसतं बसून बघायला आवडत असेल तर, मी हळूच नांदूर म्हणेन. या महिन्यातला आमचा रविवार तिथलाच ठरलाय.

बाबा येणार नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तिथे काय, नुसतं उभं राहायचं. नाव असेल तर सांग."