दहा मिनिटं चालवून दाखवलेला पीएस फोर

दुरुस्त होऊन आलेली मोटर लोडवर दोन तास चालवून बघितल्याशिवाय मी कंपनीत कागदावर सही करत नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला १९ वर्षं झाली, रिकामी फिरणारी मोटर काहीच सांगत नाही हे मी नव्या पोरांना रोज शिकवतो. तोच मी गेल्या मे महिन्यात १४ हजार रुपये मोजून एक जुना पीएस फोर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, घेऊन आलो, दहा मिनिटं बघून. बायको अजून लोकांना सांगते. म्हटलं, आपणच लिहून टाकावं.

भाचा दहावी पास झाला, आणि मामाने शब्द देऊन ठेवला होता. नवा पीएस फाईव्ह झेपणारा नव्हता, म्हणून ऑनलाइन जाहिराती चाळल्या. एकाने पाथर्डी फाट्याजवळच्या सोसायटीत बोलावलं. पंचविशीतला मुलगा, बोलायला गोड. "सर, बंगळुरूला जॉब लागलाय, परवा निघतोय. नाहीतर विकला नसता." घरी पाहुणे आहेत म्हणून मशीन क्लबहाऊसमधल्या टीव्हीला जोडून ठेवलेलं. खोकं होतं, २०१८ सालचं बिल होतं, दोन रिमोट होते. (भाचा मला दरवेळी दुरुस्त करतो, रिमोट नाही, कंट्रोलर.) मी विचारलं, गेमची डिस्क आणायला हवी होती का? "कशाला सर, आतच ११ गेम आहेत, सगळे तुम्हाला सोडतो." इंटरनेटला जोडून दाखव म्हटलं तर इथे रेंज येत नाही म्हणाला. फुटबॉलचा गेम लावला, एक गोल मारून दाखवला. वर एसी घोंघावत होता आणि मशीनला हात लावला तर थंडगार. ते थंडगार लागलं याचं मला तेव्हा बरंच वाटलं! गरम होत नाही, म्हणजे चांगलं. यूपीआयने पैसे दिले, मशीन पिशवीत घातलं.

त्याच संध्याकाळी, खेळायला लागून पाऊण तास झाला असेल, पंख्याचा आवाज वाढत वाढत पिठाच्या गिरणीवर गेला आणि स्क्रीन काळी. परत बटण दाबलं तर वरची निळी पट्टी धाप लागल्यासारखी लुकलुकली आणि विझली. नीट चालू असताना ती पट्टी पांढरी असते. निळ्यावर अडकून बंद पडली तर दुखणं आतलं समजायचं. तासाभराने गार झाल्यावर मात्र मशीन गुमान चालू झालं.

विकणाऱ्या मुलाला फोन केला. "सर, तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल." माझ्याकडे! मल्टिमीटर लावून बघितलं, २३२ व्होल्ट. मग म्हणाला, नेटला जोडून अपडेट मारा, सगळं मिटेल. जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या अकरा गेमवर कुलपाचं चित्र. विकत घेऊन डाउनलोड केलेला गेम मशीनचा नसतो, तो घेणाऱ्याच्या खात्याचा असतो. ते मशीन त्या खात्याचं मुख्य मशीन म्हणून नोंदवलेलं असेल तोवर दुसऱ्यालाही गेम खेळता येतो. मूळ मालकाने घरबसल्या ती नोंद काढली की मशीन नेटवर येताच गेम बंद. 'सगळे गेम आतच आहेत' हे वाक्य मी आता ऐकलं तर त्या गेमचे शून्य रुपये धरीन. दुपारी परत फोन केला तर नंबर बंद. सोसायटीत गेलो तर वॉचमन म्हणाला, असा कोणी इथे राहत नाही, क्लबहाऊस कोणालाही तासावर भाड्याने मिळतं.

महात्मा गांधी रोडवर मोबाइल आणि गेमिंगची दुरुस्ती करणारा एकजण आहे. त्याने झाकण उघडायच्या आधीच सांगितलं, "भाऊ, हे आधी उघडलेलं आहे." मागच्या काही स्क्रूंवर कंपनीचं स्टिकर असतं, ते नव्हतं. चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू असतात, त्यातल्या दोघांच्या कडा मोडलेल्या. मग बिल बघून हसला. या मशीनला चालू करायचं आणि डिस्क काढायचं बटण म्हणजे नुसता स्पर्श करायची रेघ आहे, तशी बटणं सुरुवातीच्या मॉडेलला होती. पीएस फोर भारतात आला २०१४ च्या जानेवारीत. सीयूएच हा त्याचा मॉडेल नंबर, आणि पुढच्या सीयूएच-१२ पासूनच्या मॉडेलला दाबायची बटणं आली, तीही २०१८ च्या बऱ्याच आधी. खालच्या लेबलवर सीयूएच-१० स्वच्छ छापलेलं, आणि सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबरशी जुळत नव्हता. म्हणजे खोकं एकाचं, बिल दुसऱ्याचं, मशीन तिसऱ्याचं. हे मी क्लबहाऊसमध्ये अर्ध्या मिनिटात बघू शकलो असतो. उलटं करून लेबल वाचायचं, बस.

आत मुख्य चिपभोवती तपकिरी, जळक्या चिकट्यासारखा थर होता. "फ्लक्स आहे. हीट मारलीय याला." फ्लक्स म्हणजे सोल्डर करताना लावायचं रसायन. हा प्रकार समजून घ्या, कारण जुन्या मशीनच्या बाजारात सगळ्यात जास्त हाच खपवला जातो. चिपखाली सोल्डरचे बारीक बारीक मणी असतात, त्यांवर ती बोर्डला बसलेली असते. रोज तापून, रोज निवून वर्षानुवर्षांत त्या सांध्यांना तडे जातात. हीट गनने भाजलं की संपर्क परत जुळतो आणि मेलेलं मशीन उठून बसतं. पण सांधा खरा जुळलेला नसतो. परत तापला की प्रसरण पावतो आणि सुटतो. कधी दोन महिने निघतात, कधी पाऊण तास. एक्सबॉक्स ३६० च्या काळात हे जगभर गाजलं होतं. तीन लाल दिवे लागून मशीनं मरायची, आणि लोक ती टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवून जिवंत करायचे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. टॉवेलचा तो इलाज जेवढा टिकायचा, तेवढाच हीट गनचा. चिप उपसून नवे मणी बसवता येतात, पण त्या कारागिराने गॅरंटी देणार नाही म्हणून काम हातातच घेतलं नाही. उघडायचे ३०० रुपये घेतले, चहा पाजला.

मी विचारलं, तो मुलगा डिस्क आणू नका का म्हणाला असेल? त्याने डिस्क वाचणारा ड्राइव्ह पुढे सरकवला. दुसऱ्या मशीनमधून काढून घातलेला होता. या ड्राइव्हच्या छोट्या बोर्डाची मूळ बोर्डाशी जोडी बांधलेली असते. तो छोटा बोर्ड न बदलता दुसरा ड्राइव्ह घातला तर डिस्क आत जाते, फिरते, पण गेम चालत नाही. नेटला न जोडण्याचं कारण दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत आणखी वाईट निघतं, तो म्हणाला. काही मशीनांवर कंपनीनेच बंदी घातलेली असते. डब्ल्यूएस-३७३९७-९ हा कोड येतो आणि ते मशीन ऑनलाइन कधीच जात नाही, खातं बदललं तरी.

कंट्रोलरचं तर विचारूच नका. एकाची डावी काडी सोडली तरी खेळाडू आपोआप कोपऱ्यात चालत जायचा. काडीखालची कार्बनची पट्टी झिजते, साफ केल्यावर आठवडाभर बरं वाटतं. हा रोग नव्या मशीनलाही सोडत नाही. निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये त्यांच्या स्विच मशीनच्या कंट्रोलरच्या, म्हणजे जॉय-कॉनच्या, या त्रासाबद्दल माफी मागितली होती. तपासायला गेम लागत नाही. काडीला हात न लावता मेनू उघडून बसायचं, निवड आपोआप सरकते का बघायचं.

दिवाळीत दुसरा घेतला, स्लिम, म्हणजे पीएस फोरचंच नंतरचं बारीक मॉडेल. इंदिरानगरला, विकणाऱ्याच्या घरी. भाच्याला आणि मित्राकडून मागून आणलेली डिस्क बरोबर नेली. आधी लेबल आणि खोक्याचे नंबर जुळवले. डिस्क घातली, माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट जोडलं, भाच्याच्या खात्याने लॉग-इन केलं. विकणाऱ्याचं खातं त्याच्याच हाताने काढायला लावलं. खेळ चालू असताना टीव्हीला जाणारी एचडीएमआयची वायर पोर्टपाशी हळूच हलवून बघितली, चित्र गेलं नाही. मग सरळ सांगितलं, आम्ही आता इथेच बसून खेळणार. त्या मुलाला राग आला असावा, पण तो गप्प राहिला. पंखा सुरुवातीला वाढला आणि एका लयीत स्थिरावला. सव्वा तास झाला, दीड झाला. आतून त्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊ, आता जेवूनच जा, तुमचं ताटही वाढते."