डेल ऑप्टिप्लेक्स ७०६० एसएफएफ: रिफर्बिश्ड घ्यायचा असेल तर झाकण उघडून घ्या

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ऑफिससाठी जुना डेस्कटॉप घेणाऱ्याला पहिला प्रश्न एकच पडतो, यात विंडोज ११ रीतसर चालेल का? काही मोजके अपवाद सोडले तर इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. २०१८ मध्ये आलेला ऑप्टिप्लेक्स ७०६० या रेषेच्या बरोबर आत बसतो. क्यू३७० चिपसेट, आठव्या पिढीचे प्रोसेसर, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) असं सगळं त्यात आहे. मोठ्या कंपन्यांतून उतरलेली ही मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत मिळतात. एसएफएफ, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही तऱ्हेने ठेवता येणारा बारीक डबा, छोट्या ऑफिसला सगळ्यात सोयीचा.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. या मशीनचा वेग चांगला आहे, पण पैसे द्यायचे ते वेगासाठी नाहीत. वेग घरगुती असेंबल्ड पीसीतही मिळतो. इथे किंमत आहे ती बिघाड स्वतः सांगणाऱ्या बोर्डाची, वीज आल्यावर मशीन आपोआप चालू करणाऱ्या बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरची) आणि दुसऱ्या गावातून मशीन हाताळू देणाऱ्या इंटेलच्या व्हीप्रोची. मात्र यातलं काय तुमच्या हातातल्या डब्यात खरोखर आहे, हे बाहेरच्या स्टिकरवरून कळत नाही.

प्रोसेसर बघताना आय५-८५०० किंवा आय७-८७०० धरून चाला. आय५-८५०० मध्ये ६ कोअर, ३.० ते ४.१ गिगाहर्ट्झ, ६५ वॉट. टॅली, एक्सेल, ब्राउझरच्या तीस टॅब, डीटीपी, यांना तो पुरून उरतो. आय७-८७०० चे ६ कोअर १२ थ्रेड चालवतात. व्हिडिओ किंवा व्हर्च्युअल मशीन नसतील तर त्याचे जादा पैसे देऊ नका. नंतर नवव्या पिढीचा प्रोसेसर टाकू, असा बेत असेल तर तो सोडा. सॉकेटचं नाव तेच असलं तरी नववी पिढी डेलने पुढच्या मॉडेलबरोबर, ७०७० बरोबर दिली.

रॅमचे चार स्लॉट आहेत, डीडीआर४-२६६६, साध्या डेस्कटॉपच्या २८८ पिनच्या स्टिक. एकाच क्षमतेच्या दोन स्टिक टाकल्या तर दोन्ही चॅनल चालतात आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सला त्याचा फरक जाणवतो, म्हणून १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. बाजारात सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम फार स्वस्त मिळते. ती स्लॉटमध्ये बसते, पण मशीन बूट होत नाही. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते. बोर्ड नव्या रॅमचं टायमिंग बसवत असतो, त्या वेळी घाबरून बटण दाबून बंद करू नका.

एसएमपीएस (आतला वीजपुरवठा) हा या डब्याचा सर्वात अडचणीचा भाग. २०० वॉटचा, डेलच्या स्वतःच्या मापाचा आणि स्वतःच्या कनेक्टरचा. नेहमीचा २४ पिनचा एटीएक्स एसएमपीएस यात लागत नाही. ना खिळे जुळतात, ना वायर. तो जळला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणून संध्याकाळपर्यंत काम सुरू होईल, ही आशा धरू नका. पाच-सहा मशीन घेत असाल तर एक सुटा एसएमपीएस त्याच वेळी घेऊन कपाटात ठेवा. हार्ड डिस्कची वीजही एसएमपीएसमधून थेट येत नाही, बोर्डवरून डेलच्या खास केबलने येते. ही केबल डब्यातून गायब असणं फार सामान्य आहे. घेताना झाकण काढून ती आहे का ते बघाच. ग्राफिक्स कार्डला वेगळी वीज देणारी वायर नाही, जागाही अर्ध्या उंचीच्या कार्डाची. म्हणजे जीटी १०३० सारखं ३० वॉटचं कार्ड ठीक, गेमिंगचा विचार इथे थांबवायचा.

मागे दोन डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय बहुतेकांत नाही. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अशी साधी केबल चालते, तिचा खर्च हिशेबात धरा. पतसंस्थेचा पासबुक प्रिंटर किंवा जुना वजनकाटा जोडायचा असेल तर मागे सिरियल पोर्ट असलेलंच युनिट मागून घ्या. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने काम होतं, पण कॉम पोर्टचा नंबर बदलला की जुनं सॉफ्टवेअर रुसतं.

आता डिस्क. एनव्हीएमई एसएसडीचा (थेट बोर्डवर बसणाऱ्या वेगवान डिस्कचा) एम.२ स्लॉट ड्राइव्हच्या पिंजऱ्याखाली आहे. समोरचं बेझल काढायचं, पिंजऱ्याच्या दोन्ही केबल सोडायच्या, खटका सरकवून पिंजरा वर उचलायचा. ज्या मशीनमध्ये आधी नुसती हार्ड डिस्क होती, त्यात एम.२ चा बारीक स्क्रू अनेकदा नसतो. एसएसडी घेतानाच तो मागा. चिकटपट्टीने दाबून बसवलेली एसएसडी गरम होऊन उचलली जाते आणि मग 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' येत राहतं.

यापुढची अडचण बायोसमध्ये आहे. डेल ही मशीन 'साटा ऑपरेशन' हे सेटिंग 'रेड ऑन' (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत) ठेवून पाठवते. अशा वेळी विंडोजच्या साध्या पेनड्राइव्हला किंवा लिनक्सच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई अनेकदा दिसत नाही आणि दुकानदार एसएसडी खराब ठरवून मोकळा होतो. नवं इन्स्टॉल करत असाल तर एफ२ दाबून बायोसमध्ये जा, ते सेटिंग 'एएचसीआय' (डिस्क थेट चालवण्याची साधी पद्धत) करा आणि मगच सुरू करा. चालू विंडोजवर ते थेट बदललंत तर निळा स्क्रीन येणार, कारण बूटच्या वेळी लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजने चालू ठेवलेला नसतो. त्याचा उपाय असा: आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर 'सेफ बूट' टिचकी मारा, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग ती टिचकी काढून पुन्हा रीस्टार्ट करा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर या खटाटोपाआधी तो थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

दुरुस्तीच्या दृष्टीने हे मशीन मला मनापासून आवडतं. बंद पडलं तरी ते मुकं होत नाही. पॉवर बटणाचा दिवा पांढऱ्याऐवजी अंबर होऊन ठरावीक लयीत लुकलुकतो: आधी २ किंवा ३ वेळा, छोटा विराम, मग पुढचा आकडा, मग मोठा विराम आणि पुन्हा तेच. ७०६० मध्ये २-२ म्हणजे बोर्ड, एसएमपीएस किंवा केबल. २-३ म्हणजे बोर्ड, रॅम किंवा प्रोसेसर. २-४ म्हणजे नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला. ३-३ म्हणजे रॅम सापडलीच नाही. नंतरच्या ऑप्टिप्लेक्समध्ये याच आकड्यांचे अर्थ बदलले आहेत, म्हणून इंटरनेटवरचा मिळेल तो तक्ता न घेता सर्व्हिस टॅगवरून (डब्यावरच्या डेलच्या ओळख क्रमांकावरून) याच मॉडेलची पुस्तिका उतरवा. २-२ आलं तर बोर्ड बदलायला धावू नका. एसएमपीएसच्या मागच्या बाजूला स्वतःची तपासणी करणारं बारीक बटण असतं. वीज जोडून ते दाबा. शेजारचा हिरवा दिवा लागला तर एसएमपीएस जिवंत आहे, मग केबल एकेक सोडून बघा. ३-३ वर निम्म्याहून अधिक वेळा रॅम काढून, तिचे सोनेरी दात कोरड्या स्वच्छ कापडाने पुसून परत बसवल्यावर काम होतं. कोकणातल्या दमट हवेत तर हेच पहिलं करावं.

मशीन चालू होत असेल तर एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा. रॅम, डिस्क, पंखा यांची तपासणी विंडोजशिवाय होते. जुनं मशीन विकत घेताना ही तपासणी दुकानातच, पूर्ण होईपर्यंत उभं राहून करून घ्या. नुसता डेस्कटॉप दाखवून 'चालतंय बघा' म्हणणाऱ्यापेक्षा ती करू देणारा दुकानदार निवडा.

वीज जाण्या-येण्याच्या आपल्या परिस्थितीत बायोसमधली दोन सेटिंग महत्त्वाची. 'एसी रिकव्हरी' हे 'लास्ट पॉवर स्टेट'वर ठेवलं तर वीज आल्यावर मशीन आधी जसं होतं तसं होतं. बिलिंगचं किंवा सीसीटीव्हीचं मशीन असेल तर थेट 'पॉवर ऑन' ठेवा. दुसरं 'डीप स्लीप कंट्रोल'. हे चालू असेल तर बंद मशीनचं नेटवर्क कार्डही पूर्ण झोपतं आणि वेक ऑन लॅनचा, म्हणजे नेटवर्कवरून मशीन चालू करण्याचा, कितीही सिग्नल पाठवा, काही होत नाही. वेक ऑन लॅन हवं असेल तर डीप स्लीप 'डिसेबल्ड' आणि वेक ऑन लॅन 'लॅन ओन्ली' करा. या दोन सेटिंगमधला संबंध माहीत नसल्यामुळे लोक केबल आणि स्विच बदलत बसतात.

व्हीप्रोबद्दल जरा सविस्तर. प्रोसेसरला व्हीप्रो आहे (आय५-८५०० ला आहे, आय५-८४०० ला नाही), चिपसेट क्यू३७० आहे, तरीही एएमटी, म्हणजे व्हीप्रोमधली दुरून मशीन हाताळण्याची सोय, मिळेलच असं नाही. कंपनीने मूळ ऑर्डर देताना मॅनेजमेंट इंजिन (ही सोय चालवणारा चिपसेटमधला भाग) बंद करून घेतलेलं असू शकतं आणि ते नंतर उघडत नाही. सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाकला की मूळ कॉन्फिगरेशन दिसतं, त्यात हे वाचून घ्या. चालू असेल तर बूट होताना कंट्रोल-पी किंवा एफ१२ च्या यादीतून एमईबीएक्समध्ये (एएमटीच्या सेटिंगच्या पडद्यात) जाता येतं. कारखान्याचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' याचं छोट्या लिपीतलं इंग्रजी स्पेलिंग. पहिल्याच वेळी तो बदलावा लागतो आणि नव्यात किमान ८ अक्षरं, मोठं, छोटं, अंक, चिन्ह असं सगळं हवं. त्यानंतर ब्राउझरमधून १६९९२ पोर्टवर मशीन चालू-बंद करता येतं, विंडोज कोसळलेलं असलं तरी. पूर्ण स्क्रीन दुरून बघायची असेल तर दोन अटी: इंटेलचं ऑनबोर्ड ग्राफिक्स वापरात हवं आणि मॉनिटर, निदान डमी प्लग (मॉनिटर असल्याचं भासवणारा छोटा प्लग), जोडलेला हवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड टाकलं की ही सोय जाते. आणि १६९९२-१६९९५ हे पोर्ट राउटरवरून इंटरनेटला कधीही उघडू नका. मे २०१७ मध्ये एएमटीच्या त्याआधीच्या फर्मवेअरमध्ये पासवर्डशिवाय आत शिरता येईल अशी चूक उघड झाली होती. दुरून जोडायचं ते व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीतूनच).

आधीच्या मालकाच्या खुणा हा रिफर्बिश्ड मालातला खरा धोका. एमईबीएक्सला 'अ‍ॅडमिन' चालत नसेल तर कोणीतरी एएमटी आधीच सेट केलं आहे. ते पूर्ण रीसेट करून देत नाहीत तोवर मशीन ऑफिसच्या नेटवर्कला जोडू नका. फॉरमॅट मारून हे जात नाही, ते डिस्कवर नसतंच. बायोसला पासवर्ड असेल तर बोर्डवरच्या पासवर्ड जंपरने निघतो, पण तो विक्रेत्याने काढून द्यावा. तिसरी जागा बायोसमधलं 'कॉम्प्युट्रेस' किंवा 'अ‍ॅब्सोल्यूट', म्हणजे चोरीला गेलेल्या मशीनचा माग काढणारी सेवा. हे 'अ‍ॅक्टिव्हेट' दिसलं तर मशीन आधीच्या कंपनीच्या माग काढण्याच्या यादीत असू शकतं आणि ही निवड बायोसमधून मागे घेता येत नाही. असं युनिट परत करा. 'कव्हर वॉज प्रीव्हियसली रिमूव्ह्ड' असा इशारा आला तर मात्र काळजी नको. तो झाकणाच्या स्विचचा असतो, बायोसच्या सिक्युरिटी विभागात जाऊन पुसून टाका.

बायोस अपडेट विंडोजमधून न करता फॅट३२ पेनड्राइव्हवर फाइल ठेवून एफ१२ च्या 'बायोस फ्लॅश अपडेट'मधून करा, यूपीएस लावून. यूपीएस फार स्वस्तातला असेल तर वीज जाण्याच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होतं का, हे अपडेटच्या आधी एकदा मेन स्विच बंद करून पडताळा.

याच ७०६० ची मायक्रो आवृत्ती जागा वाचवते, पण तिला लॅपटॉपची रॅम लागते आणि डेलचाच अ‍ॅडॅप्टर. अ‍ॅडॅप्टरच्या पिनमधली ओळख पटली नाही तर ती इशारा देऊन प्रोसेसरचा वेग उतरवते. काउंटरवर एकच मशीन हवं असेल तर मायक्रो चालेल; पाचपेक्षा जास्त मशीनच्या ऑफिसला एसएफएफच घ्यावं, सगळी एकाच मॉडेलची, म्हणजे एका बंद मशीनची रॅम, पिंजरा आणि केबल दुसऱ्याला लागतात.